प्लॉटच्या पोटात काय आहे?

इंदूरच्या आमच्या जुन्या घरात दिवाणखान्याच्या खिडकीपासून छतापर्यंत एक तिरकी चीर होती. उन्हाळ्यात तिच्यात पोस्टकार्ड सरकवता यायचं. श्रावणापर्यंत ती मिटायची आणि मग देवघराचं दार चौकटीत अडकायचं. दर दिवाळीला बाबा ती भरून वर चुना मारायचे, दर चैत्रात ती पुन्हा हजर. पाहुण्यांशी तिची ओळख करून द्यायचीच काय ती बाकी होती. इंदूर, देवास, उज्जैन, धार इकडच्या वाचकांपैकी अशी चीर पाहिलीच नाही, असं कुणी असेल तर त्यांनी मला जरूर कळवावं.

पुढे मी भूभौतिकी शिकले आणि नोकरीची सगळी वर्षं जमिनीच्या तपासणीत घालवली. तेव्हा कळलं, की गवंडी वाईट नव्हता आणि चुनाही वाईट नव्हता. दोष घराखालच्या काळ्या मातीचा होता, किंवा खरं सांगायचं तर ती मातीच आहे हे धरून पाया न घालणाऱ्यांचा.

माळव्याची काळी माती कपाशीला आणि गव्हाला आई, पण घराला सावत्र. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, पाणी उडालं की आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. घराचा उथळ पाया याच मातीवर असला, तर घर वर्षातून एकदा वर उचललं जातं आणि एकदा खाली बसतं, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. कडेची माती आधी भिजते, मधली नंतर. त्या फरकातून भिंतीला तिरकी चीर जाते.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझी भाची. तिने आणि जावयांनी गेल्या वर्षी शहराच्या कडेला चाळीस बाय साठचा प्लॉट घेतला. दोघांची नोकरी, कर्ज वीस वर्षांचं, आणि ताईने आपल्या पाटल्या मोडून दिलेले पैसे. नकाशा तयार होता. ठेकेदार म्हणाले, "शेजारच्या गल्लीत पाच फुटांवर फुटिंग टाकलंय, आपणही तेच करू." भाचीने मला फोन केला तो खरं तर भूमिपूजनाचा मुहूर्त सांगायला.

मी विचारलं, "बोअर मारून पाहिलंत का?"

"पाण्याचं ना? पाणाड्या येऊन गेला, मावशी. सासूबाईंनी बोलावला होता. ईशान्येच्या कोपऱ्यात नारळ उभा राहिला."

"पाण्याचं नाही गं. जमिनीचं."

पलीकडे शांतता. मग जावई फोनवर आले. "मावशी, दोन मजली घराला कशाला हवं ते? ते पुलांना, मेट्रोला करतात ना?"

प्रश्न रास्त होता. पुलाखाली शंभर बोअर मारले जातात आणि घराखाली एकही नाही, ही आपली रीत आहे. पण पूल सरकारचा असतो, घर आपलं असतं. मी जावयांना एवढंच म्हटलं, की दोन-तीन बोअर, मातीची तपासणी आणि मी फुकट, असा सगळा खर्च तुमच्या स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याएवढा येईल. ओटा नंतर बदलता येतो.

पाणाड्याबद्दल थोडं बोलते, कारण तरुण मंडळी त्याच्यावर हसतात आणि वडीलधारी रागावतात. सहाव्या शतकात याच अवंतीच्या परिसरात वराहमिहिर होऊन गेले. त्यांच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अख्खा अध्याय जमिनीखालचं पाणी शोधण्यावर आहे. कुठलं झाड, त्याच्या कुठल्या दिशेला वारूळ, तिथून किती अंतरावर आणि किती पुरुष खोल पाणी, खणताना कोणत्या रंगाची माती आणि कसला दगड लागेल, असं सगळं तपशिलाने दिलंय. ती सगळीच खरी ठरतील असं नाही, पण पद्धत लक्षात घ्या: वरच्या खुणांवरून खालचा अंदाज. आम्ही यंत्राने तेच करतो. हातावरचा नारळ जमिनीतल्या पाण्याने उभा राहतो यावर माझा विश्वास नाही. पण जुन्या पाणाड्यांची नजर तयार असते, आणि नारळ उभा राहण्याआधी त्यांनी अख्खा प्लॉट पायाखाली घातलेला असतो, हे मी पाहिलं आहे.

मे महिन्याच्या एका सकाळी सहा वाजता आम्ही प्लॉटवर गेलो. माझ्या जुन्या सहकाऱ्याचं रेझिस्टिव्हिटी मीटर, चोवीस लोखंडी खुंट्या, वायरचं भेंडोळं आणि मिठाच्या पाण्याच्या दोन बादल्या. भाचीचा दहा वर्षांचा मुलगा हातोडी घेऊन सगळ्यांच्या पुढे. शेजारचा प्लॉट रिकामा होता. त्याच्या मालकांना, ते पुण्याला असतात, आदल्या दिवशी फोन करून परवानगी घेतली होती, कारण खुंट्यांची रांग जितकी लांब तितकं खोल दिसतं, आणि साठ फुटांत फार खोल दिसत नाही.

तत्त्व सोपं आहे. दोन खुंट्यांमधून जमिनीत वीज सोडायची आणि त्यांच्या मधल्या दोन खुंट्यांवर किती दाब पडतो ते मोजायचं. त्यावरून जमीन विजेला किती अडवते, म्हणजे तिची रोधकता, कळते. खुंट्या जवळ असल्या तर वीज वरच्यावर फिरते, लांब नेल्या तर खोल जाऊन येते. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ च्या सुमारास हे प्रयोग सुरू केले. अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये चार खुंट्यांची मांडणी मांडली, ती आजही त्यांच्या नावाने चालते. आता यंत्रच चोवीस खुंट्यांतल्या चार-चार निवडत जातं आणि तासाभरात जमिनीचा उभा छेद रंगांत दाखवतं. मिठाचं पाणी कशाला, तर मे महिन्यातली माती इतकी कोरडी असते की खुंटी आणि माती यांचा नीट संबंधच येत नाही. प्रत्येक खुंटीच्या बुडाशी तांब्याभर ओतायचं. नातवाने ते काम अभिषेकाच्या थाटात केलं.

आमच्या भागात काळी माती विजेला फारशी अडवत नाही, साधारण दहा ओहम-मीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. मुरूम त्याच्या दोन-चार पट. आणि एकसंध काळा पाषाण शंभराच्या पुढे. छेदात हे थर छान दिसले: वर दीड मीटर माती, मग मुरूम, आणि पावणेतीन-तीन मीटरवर खडक. फक्त ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे नारळ उभा राहिला होता तिथे, खडक नव्हता. कमी रोधकतेचा एक निळा पट्टा छेदाच्या तळापर्यंत, सहा मीटरपर्यंत, गेला होता.

आडवी रांग टाकून पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

जावई म्हणाले, "म्हणजे पाणाड्या बरोबर होता! तिथे पाणी आहे!"

मी म्हटलं, "तिथे काहीतरी आहे."

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण याच जागी पुष्कळ लोक फसतात. यंत्र रोधकता दाखवतं, वस्तू दाखवत नाही. ओला मुरूम, चिकणमाती, बुजवलेला नाला, खडकातली खोल झिजलेली फट, या सगळ्यांचे आकडे एकसारखे येऊ शकतात. रंगीत चित्र पाहून "इथे पाणी, इथे खडक" असं छातीठोक सांगणारा माणूस भेटला, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. दुसरी यंत्रं आहेत, पण प्रत्येकाचं काही ना काही दुखणं असतंच. जमिनीवर घणाचा घाव घालून त्याची लहर किती वेळात पोचते ते मोजणारी पद्धत मऊ मातीखाली खडक शोधायला उत्तम, कारण मातीत लहर सेकंदाला तीन-चारशे मीटर जाते आणि ताज्या काळ्या पाषाणात चार-पाच हजार. पण आपला दख्खनचा खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर, जणू चिरोटा. कठीण पाषाणाखाली मऊ लाल गेरूचा थर, त्याखाली जाळीदार मांजऱ्या खडक, मग पुन्हा पाषाण. कठीण थराखालचा मऊ थर या लहरींच्या पद्धतीला दिसतच नाही, कारण तिला खोलीबरोबर वेग वाढत जाणारी जमीन लागते. आणि जमिनीत रडार सोडणारं चाकाचं यंत्र, जे व्हिडिओत फार रुबाबदार दिसतं, ते वाळूत किंवा कोरड्या खडकात कमाल करतं. आमच्या काळ्या मातीत मात्र त्याच्या लहरी मीटरभरात विरून जातात. पैसे देण्याआधी हे विचारून घ्यावं.

म्हणून शेवटी छिद्र पाडून पाहावंच लागतं. नुसत्या बोअरने भागत नाही आणि नुसत्या यंत्राने तर मुळीच नाही. बोअर एका जागेचं खरं सांगतो, पण दोन फूट बाजूला काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. यंत्र सगळीकडचं सांगतं, पण मोघम. आधी यंत्राने संशयाची जागा काढायची, मग बोअर तिथेच घ्यायचा. बहुतेक ठिकाणी उलट होतं: गाडी जिथे सोयीने उभी राहते तिथे बोअर.

तीन बोअर ठरले: दोन घराच्या कोपऱ्यांत आणि तिसरा त्या निळ्या पट्ट्यावर. तिपाई उभी राहिली. मातीतला बोअर म्हणजे पाण्याच्या बोअरसारखा धडधडाट नव्हे, संथ काम आहे. दर दीड मीटरला थांबायचं, तळाशी एक पोकळ नळी टेकवायची आणि साडेत्रेसष्ट किलोचा घण पाऊण मीटर उंचीवरून तिच्यावर सोडायचा. नळी आत जाताना पहिले पंधरा सेंटिमीटर सोडून द्यायचे, पुढच्या तीस सेंटिमीटरना किती घाव लागले ते मोजायचं. त्या आकड्याला एन म्हणतात. जगभर हीच चाचणी चालते, आणि तिच्या नळीत मातीचा नमुनाही वर येतो. नातू मोठ्याने घाव मोजत होता आणि मजूर त्याच्या सुरात सूर मिसळत होते.

एक इशारा. काळ्या मातीत मे महिन्यात एन भरपूर येतो, कारण ती वाळून विटेसारखी झालेली असते. तोच आकडा धरून पाया ठरवला तर ऑगस्टमध्ये तीच माती पायाखाली लोण्यासारखी होते. म्हणून घावांच्या जोडीला फुगण्याची चाचणी हवी. ती इतकी सोपी आहे की शाळेच्या प्रयोगशाळेत होईल. वाळवून चाळलेली दहा ग्रॅम माती एका मोजपात्रात केरोसिनमध्ये आणि तेवढीच दुसऱ्यात पाण्यात टाकायची, ढवळून चोवीस तास ठेवायची. केरोसिनमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. भाचीच्या प्लॉटची माती केरोसिनमध्ये ११ मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात २० वर. म्हणजे ८२ टक्के फुगवटा. ठेकेदारांचं पाच फुटांवरचं फुटिंग याच मातीच्या तळाशी, मुरमात जेमतेम टेकलं असतं. ताईला ती दोन पात्रं दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबांची चीर."

पहिल्या दोन बोअरांत अपेक्षेप्रमाणे झालं. मुरमात एन पन्नासच्या वर गेला, खडक २.८ आणि ३.१ मीटरवर लागला. तिथून पुढे हिऱ्याच्या कडीने खडक गोल कापत, दंडगोल तुकडे वर काढत तीन मीटर गेलो. हे महत्त्वाचं: खडक लागला म्हणून लगेच थांबायचं नाही, कारण माळव्यात मातीत गाडला गेलेला मोठा गोटाही खडकाचं सोंग घेतो. वर आलेले तुकडे लाकडी पेटीच्या खणांत क्रमाने मांडायचे आणि दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज एकूण लांबीच्या किती टक्के होते ते काढायचं. पहिल्या मीटरला तीस टक्के, म्हणजे फुटका खडक. खाली ऐंशी टक्के, म्हणजे चांगला.

तिसरा बोअर. तीन मीटरवर एन ४. साडेचार मीटरवर ३. नळीत काळी माती, भाजलेल्या विटेचे तुकडे, चुना. आणि साडेचार मीटरच्या नमुन्यात गुटख्याची एक रिकामी पुडी.

लाव्ह्याच्या थरात गुटख्याची पुडी येत नाही. ती विहीर होती. कॉलनी पडली तेव्हा कुणीतरी ती मलब्याने बुजवून वरून माती पसरली होती, आणि प्लॉट विकताना जो नकाशा दाखवला त्यात तिचा पत्ता नव्हता. खडक लागला ९.२ मीटरवर, म्हणजे विहिरीच्या तळाशी. पाणाड्याने ती जागा का निवडली असेल, हे नंतर ध्यानात आलं: भर मे महिन्यात त्या कोपऱ्यातली दूर्वा हिरवी होती. बुजवलेल्या विहिरीत ओल टिकून राहते.

आता माझीच एक चूक सांगते. त्या रात्री नातवाने गूगल अर्थवर मागची उपग्रहचित्रं काढली. जुन्या चित्रात शेताच्या मधोमध एक गोल काळा ठिपका. दुसऱ्या दिवशी पटवाऱ्याकडच्या जुन्या नकाशावरही विहिरीची खूण सापडली. हे दोन्ही मी यंत्र गाडीत घालण्याआधी पाहायला हवं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं, की तपासणी टेबलापासून सुरू होते, आणि घरच्या कामात विसरले.

इंदूरमध्ये झाकलेल्या विहिरीबद्दल कुणाला वेगळं सांगायला नको. ३० मार्च २०२३, रामनवमी. मंदिरातल्या बावडीवर टाकलेली फरशी खचली आणि ३६ माणसं गेली. त्यानंतर काही दिवस प्रत्येक जण आपल्या मोहल्ल्यातली बुजवलेली बावडी आठवत होता. पावलापावलावर पाणी असलेला प्रदेश अशी माळव्याची ख्याती, तर पावलापावलावर विहिरीही असणारच. नळ आले, बोअर आले, विहिरी नजरेआड झाल्या. शहर वाढलं ते त्यांच्यावरूनच.

हीच मोघम आणि नेमक्याची जोडी फार मोठ्या मापावरही लागते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लाव्ह्याच्या चादरीखाली काय आहे हे कळायला तिथे ६१७ मीटर खोल बोअर घेतला. खडकाची चादर ३३८ मीटर भरली, तिच्याखाली गाळाचा पातळ थर, आणि मग अतिप्राचीन पाया. कोयनेच्या परिसरात तर तीन किलोमीटर खोल गेले. वरून यंत्रांनी अंदाज आधीच बांधले होते, पण हातात दगड आला तो बोअरमधून.

भाचीच्या घराचं पुढे असं झालं. सगळे कॉलम तीन मीटरवरच्या खडकावर नेले. खडक फार खोल असता, तर तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे पाइल वापरले असते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ते काळ्या मातीसाठीच विकसित केले. फुगणारी माती वर ओढायला लागली तरी तो फुगवटा पायाला खाली धरून ठेवतो. इथे गरज पडली नाही. घर कोपऱ्यापासून अडीच मीटर आत सरकलं, त्यात जावयांची अभ्यासिका गेली. त्यांचा राग अजून पुरता उतरलेला नाही. सासूबाईंचा प्रश्न वेगळा होता: ईशान्येला देवघर हवं. ते ईशान्येलाच आहे, फक्त विहिरीच्या अलीकडे.

राहिली अर्धी विहीर. ती शेजारच्या प्लॉटखाली आहे. पुण्याच्या मालकांना मी स्वतः फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "ताई, मी तो प्लॉट विकायला काढलाय. हे एवढं बाहेर बोलू नका." त्यांची अडचण मला कळते. त्यांनीही तो आंधळेपणानेच घेतला होता, त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं. भराव काढून विहीर दोघांनी मिळून बांधून घ्यावी, छताचं पाणी तिच्यात सोडावं, असं मी सुचवलं. विचार करून सांगतो म्हणाले.

त्यांचं नाव आणि कॉलनीचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. पण दोन्ही रांगांचे छेद, तिसऱ्या बोअरची नोंद आणि विहिरीचा घेर दाखवणारा मापाचा नकाशा मी त्यांना रजिस्टर पोस्टाने पाठवलाय. एक प्रत भाचीच्या फाइलमध्ये आहे. प्लॉट पाहायला येणाऱ्या कुणी कुंपणावरून विचारलं, तर ती दाखवायची, असं आमचं घरात ठरलं आहे. परवा एक तरुण जोडपं मापं घेत होतं. भाचीने त्यांना चहाला बोलावलं.